परक्या लढाईत आपली माणसं का गेली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाच्या घरी पणजोबांचा इराकमधल्या बसऱ्याच्या काळातला फोटो असतो, कुणाला कॉलेजच्या प्रकल्पासाठी माहिती हवी असते, आणि एखादा तावातावाने विचारतो की इंग्रजांसाठी लढणारे हे लोक नक्की कोणाचे होते. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं १९१४-१८ आणि १९३९-४५ या दोन युद्धांत गेलेल्या मराठी माणसांबद्दल आहेत. शेवटी आजचंही थोडं आहे, कारण हल्ली तेही बरेच जण विचारतात.

लोक स्वतःहून गेले, की सरकारने धरून नेले?

कागदोपत्री सगळे स्वखुशीने गेले. दोन्ही महायुद्धांत हिंदी, म्हणजे भारतीय, माणसावर सक्तीची भरती लादली गेली नाही. गंमत अशी की १९१७ साली सक्तीचा कायदा आला तो इथे राहणाऱ्या गोऱ्यांसाठी, आणि तोही देशातल्या देशात पहारा देण्यापुरता. पहिल्या महायुद्धात लढाऊ आणि बिगरलढाऊ मिळून १३-१४ लाख हिंदी माणसं भरती झाली, त्यातली सुमारे ७४ हजार परतली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात दोन लाखांच्या आसपास असलेलं सैन्य २५ लाखांवर गेलं.

आता कागदाच्या बाहेर. पंजाबात जिल्ह्याजिल्ह्याला आकडे ठरवून दिले होते आणि ते भरताना बरीच जबरदस्ती झाली. आपल्याकडे तेवढा जाच झाला नाही, पण भरतीचं काम मामलेदार, पाटील आणि पेन्शनर सुभेदार यांच्यामार्फतच चाले, आणि माणूस आणून देणाऱ्याला डोईमागे बक्षीस मिळे. ज्याची शेतसाऱ्याची बाकी पाटलाच्या दप्तरात आहे त्याला पाटलाने चावडीवर बोलावून 'तुझ्या घरातनं एक जण जाऊ दे' असं म्हटल्यावर तो किती ताणून धरणार? याला मी सक्ती म्हणणार नाही. पण मोकळ्या मनाने केलेली निवड म्हणायलाही जीभ रेटत नाही.

पैशासाठीच गेले ना? मग त्यात एवढं शोधण्यासारखं काय आहे?

पैसा होताच. १९१४ साली शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. त्यातून जेवणखाण कापलं जाई. फुकट शिधा १९१७ मध्ये सुरू झाला, म्हणजे युद्ध अडीच वर्षं चालल्यावर आणि भरती आटायला लागल्यावर. तेव्हा अकरा रुपये ही काही डोळे दिपवणारी रक्कम नव्हती.

मग तिचं मोल कशात होतं? ती दर महिन्याला येत होती. १९१५ साली विशीत असलेला माण-खटावातला गडी डोळ्यांसमोर आणा. १८९६-९७ चा दुष्काळ त्याच्या जन्माच्या आगेमागे पडलेला. चालायला लागतो न लागतो तोच १८९९-१९०० चा. मधल्या काळात मुंबई-पुण्यात प्लेग. त्याच्या घरात 'या वर्षी पिकलं तर' हे शब्द उच्चारल्याशिवाय एकही बेत ठरत नव्हता. अशा घरात पावसावर अवलंबून नसलेले अकरा रुपये म्हणजे काय, ते सातबारा बघून कळणार नाही, सावकाराच्या वहीतून कळेल. कोकणात वेगळी अडचण. महाड, पोलादपूर, माणगाव, खेड, दापोली या पट्ट्यात जमीन खोताची. कुळाने राबायचं आणि अर्धंअधिक धान्य खोताच्या वाड्यावर पोचवायचं. तीन भाऊ असले तर एक शेतात, एक मुंबईला गिरणीत आणि एक पलटणीत, अशी वाटणी कित्येक घरांनी केली. गिरणीत शिरायला जॉबरची, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाची, मर्जी लागे, राहायला गाळा शोधावा लागे, बदलीवर दिवस काढावे लागत. पलटणीत कपडा आणि छप्पर पहिल्या दिवसापासून. शिवाय पेन्शन. मेलाच तर घरच्यांना काहीतरी मिळण्याची सोय.

पण नुसत्या पैशाने कोडं सुटत नाही. शेजारशेजारची दोन गावं, दोन्ही सारखीच कोरडी, सारखीच कर्जात. एकातून घरटी माणूस लष्करात आणि दुसऱ्यातून कुणीच नाही, असं का? साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात, ते काही तिथे गरिबी जास्त होती म्हणून नाही. तिथे आधी कुणीतरी गेला होता. चुलता, मामा, शेजारचा हवालदार. रजेवर आलेला शिपाई हीच भरतीची सगळ्यात मोठी जाहिरात. पायात बूट, अंगात अजून न उतरलेला ताठा, चार हिंदी शब्द पेरलेलं बोलणं, खिशात रोकड. तो पारावर येऊन बसला की म्हातारेदेखील सरकून जागा देत. सतरा-अठरा वर्षांचं पोर ते बघत असतं. अर्जावर त्याने 'पगार' हे कारण सांगितलं असेल. पारावरची ती जागा कुठल्या रकान्यात लिहायची?

'लढवय्या जाती' म्हणतात ते खरं होतं का?

ती इंग्रजांची सोयीची वर्गवारी होती. १८८०-९० च्या दशकांत सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात ती पक्की झाली. पंजाब, सरहद्द आणि नेपाळकडची माणसं लढाऊ, दक्षिणेकडची मऊ, असा एकूण सूर. मराठे यादीत राहिले, पण खालच्या अंगाला. पुढे माणसं कमी पडायला लागल्यावर ही यादी भराभर सैल झाली. तेव्हा त्या सिद्धांतात किती तथ्य होतं ते तुम्हीच ठरवा.

त्याचा परिणाम मात्र खरा झाला. 'आपण लढवय्ये' हे सरकारी शिक्कामोर्तब लोकांनी उचललं आणि आपलं म्हणून मिरवलं. मराठा पलटणींत 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही युद्धघोषणा रुजली. लंडनच्या राजासाठी लढताना ओठांवर रायगडचा राजा. यात विसंगती आहे असं त्या शिपायाला वाटत नसावं. आपल्याला वाटते, कारण आपण ती घरी बसून बघतो.

महार समाजाने भरती मिळावी म्हणून अर्ज केले, हे खरं का? मरायला जाण्यासाठी अर्ज?

खरं आहे, आणि या पानावरचा हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे.

मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार शिपाई पूर्वीपासून होते. १८९०-९२ च्या सुमारास त्यांची भरती बंद केली गेली. बंद झालं म्हणजे नुसता पगार बंद झाला असं नाही. पलटणीत शिपायाला लिहा-वाचायला शिकवत, त्याच्या मुलाबाळांसाठी शाळा असे, मुलींनासुद्धा. गावात ज्याला विहिरीजवळ उभं राहू देत नव्हते तो छावणीत सुभेदार होऊ शकत होता. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीतला. भरतीचं दार लागलं ते नेमकं याच सुमाराला, म्हणजे ज्या शिडीने एक पिढी वर आली होती ती पुढच्या पिढीसाठी काढून घेतली.

म्हणून गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त लष्करी माणूस, यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट इंग्लंडमधल्या भारतमंत्र्यांपर्यंत नेली. वर्षानुवर्षं उत्तर नाही. मग १९१७ साली, युद्धात माणसं खपायला लागल्यावर, १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये ती मोडीतही निघाली. काम होतं तोवर लढवय्ये, काम झाल्यावर पुन्हा यादीबाहेर.

१९४१ मध्ये हीच गोष्ट पुन्हा. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते, त्यांनी आग्रह धरला आणि महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे, केंद्र मध्य प्रदेशात सागरला. बाबासाहेबांना नाझी राजवटीचा धोका दिसत होता आणि बंदूक हातात असलेल्या समाजाला गावात सहज दाबता येत नाही हेही दिसत होतं. तेव्हा या लोकांपुढचा प्रश्न 'परक्यासाठी का लढू?' असा नव्हताच. गावकीने त्यांना आपलं मानलं असतं तर परकं कोण हा प्रश्न पडला असता.

पुढारी काय सांगत होते?

थोडं धक्कादायक वाटेल, पण पहिल्या महायुद्धात बहुतेक मोठे पुढारी भरतीच्या बाजूचे होते. प्रत्येकाचा हिशेब मात्र वेगळा.

टिळकांचं म्हणणं रोखठोक होतं. माणसं देतो, पण हिंदी माणसाला अधिकारपदं द्या, सुभेदारीवर त्याला अडवू नका. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींकडे ५० हजार रुपयांचा चेक पाठवला. सरकारकडून अधिकारपदांचं वचन मिळवून द्या, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, नाही दिली तर ही रक्कम जप्त. गांधीजींनी चेक परत केला, मदत करायची तर सौदा न करता, या विचाराने. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळक अटींवर बोलायला लागले तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच थांबवलं.

आणि गांधीजी? ते गुजरातेत खेडा जिल्ह्यात पायी फिरून भरतीचा प्रचार करत होते. गावामागे वीस माणसं द्या म्हणून पत्रक काढलं. साराबंदीच्या सत्याग्रहात ज्या गावांनी फुकट गाड्या दिल्या होत्या तिथे आता भाड्यानेही गाडी मिळेना. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्या दगदगीत ते आजारी पडले. लोकांनी पुढाऱ्यासाठी सारा थांबवला, पण पुढाऱ्याच्या शब्दावर पोरगा दिला नाही. भरतीची कारणं शोधणाऱ्याने खेडा जिल्ह्यातला हा प्रसंग लक्षात ठेवावा. भाषणांनी माणूस लष्करात जातो हा समज शहरी आहे.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी भरतीला जोर लावला. त्यामागे मराठ्यांच्या क्षात्रत्वाचा मान, लष्करातून येणारं शिक्षण आणि ब्राह्मणेतर चळवळीचं बळ अशी कारणं गुंतली होती. युद्धानंतर १९ नोव्हेंबर १९२१ रोजी पुण्यात प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते मराठा युद्धस्मारक आणि शिवाजी महाराजांच्या स्मारकाची पायाभरणी झाली, त्यामागे त्यांचाच पुढाकार. शहरात असहकाराची हवा असताना.

दुसऱ्या युद्धात चित्र फाटलं. काँग्रेसने मंत्रिपदं सोडली आणि युद्धाला विरोध केला. सावरकर म्हणाले, जा, शस्त्र चालवायला शिका, पुढे उपयोगी पडेल. कम्युनिस्टांनी आधी विरोध केला आणि जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर त्याच युद्धाला लोकयुद्ध म्हटलं.

गेलेल्यांना पश्चात्ताप झाला का?

सगळ्यांचं एक उत्तर नाही. पण मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, हे मराठी घरांसाठी पहिल्या महायुद्धाचं खरं रणांगण होतं. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बसऱ्यातून वर सरकत बगदादच्या तोंडाशी पोचले, नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला मार खाल्ला आणि मागे येऊन कुत-अल-अमारात अडकले. डिसेंबरपासून वेढा. अन्न संपत आलं तेव्हा घोडे मारायला सुरुवात झाली. कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. जीव जाईल याहून मोठी भीती अशी की गावी परतल्यावर जातीबाहेर टाकतील, पोरींची लग्नं अडतील. धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली गेली. दात हिरड्यांतून हलायला लागले तरी काही जण शेवटपर्यंत अडून राहिले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती, आणि मग वाळवंटातून बंदिवासाकडे पायपीट. हजारो त्या वाटेवर आणि नंतर छावण्यांत गेले.

टायग्रिसच्या काठी उपाशी बसलेला माणूसही गावाच्याच डोळ्यांनी स्वतःकडे बघत होता. ज्या गावात मान मिळावा म्हणून तो निघाला होता, त्याच गावाच्या धाकाने तो जेवत नव्हता.

फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी शिपायांनी पाठवलेली पत्रं सेन्सॉरने वाचून भाषांतर करून ठेवली, म्हणून आज वाचायला मिळतात. त्यांत एक सांकेतिक भाषा दिसते. काळी मिरी संपत आली आहे, आता लाल मिरची वापरतायत, असं कुणी घरी लिहितो. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. मतलब, भावाला पाठवू नका. पण त्याच गठ्ठ्यात पगारवाढ कळवणारी, पदकाची बातमी देणारी, फ्रान्समधली शेती बघून चकित झालेली पत्रंही आहेत.

१९४२ मध्ये 'चले जाव' चालू असताना भरती जोरात कशी होती?

सातारा जिल्हाच घ्या. याच जिल्ह्यात १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, आणि याच जिल्ह्यातून मराठा पलटणींना पोरं जात होती. कधी कधी एकाच भावकीतून. लोक दोन तटांत विभागले होते असं आपण समजतो. घराघरांत तसं नव्हतं. रात्री भूमिगतांना भाकरी देणारी बाई सकाळी इटलीहून आलेली मनीऑर्डर सोडवत असे, यात तिला अडचण वाटण्याचं कारण नव्हतं.

दुसऱ्या युद्धात एक कारण नवीन आलं: हुन्नर. या सैन्याला ट्रक चालवणारे, वायरलेसवाले, फिटर, मोटर मेकॅनिक लागत होते आणि ते शिकवून तयार करावे लागत. नांगर धरणाऱ्या पोराला सरकारी खर्चाने मोटर शिकायला मिळणं ही मोठी ओढ होती.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे असेच एक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वय २२. पदक त्यांच्या तरुण पत्नीने दिल्लीत स्वीकारलं. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी तेच पदक मिळालं, ते जिवंत परतले. ही दोघं भरतीला का गेली याची त्यांच्याच शब्दांतली नोंद माझ्या पाहण्यात नाही, म्हणून त्यांच्या तोंडी देशभक्ती किंवा राजनिष्ठा घालणारी भाषणं मी इथे देत नाही. पदक मिळालं की कारण आपोआप उदात्त होतं, ही आपली खोड आहे.

आझाद हिंद सेनेत गेले त्यांनी योग्य निवड केली आणि बाकीच्यांनी चुकीची, असं म्हणायचं का?

तसं म्हणणं सोपं आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती सापडले. त्यातले बरेच आझाद हिंद सेनेत गेले, बरेच गेले नाहीत. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले इंग्रजांच्या सैन्यातले अधिकारी होते, ते या सेनेत मेजर जनरल झाले. जे गेले त्यांच्यात स्वातंत्र्याची ओढ होती, आणि छावणीतल्या उपासमारीतून सुटण्याची इच्छाही होती. जे गेले नाहीत त्यांच्यात मिठाला जागणं होतं, जपान्यांवरचा अविश्वास होता, घरची पेन्शन बुडेल ही काळजी होती. दोन्हीकडे चांगली माणसं होती एवढं मला दिसतं. 'गद्दार' हा शब्द दोन्ही बाजूंनी वापरून झालाय, त्याने कुणाचंच डोकं उजळलेलं नाही.

राजा नाही, पगार नाही, निव्वळ विचारासाठी परक्या युद्धात गेलेला मराठी माणूस आहे का?

आहे की. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सुरुवातीच्या काळातले सरकार्यवाह. पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथल्या वातावरणात पूर्ण बदलले. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात बंडखोर जनरल फ्रँकोविरुद्ध लढायला आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले, 'जॉन स्मिथ' या नावाने. १९३८ मध्ये पकडले गेले, सान पेद्रो दे कार्देन्याच्या कैदेत राहिले, सुटून आले. पुढे कम्युनिस्ट. इतका लांबचा प्रवास एकाच माणसाने केला हे वाचल्यावर भरतीचं कारण म्हणून 'विचारसरणी' असा एक शब्द लिहून मोकळं होता येत नाही. विचार बदलले तरी झोकून देण्याचा स्वभाव तोच राहिला, असं मला वाटतं.

दुसरे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले एक. त्यांच्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे पुढे एकेक करून परतले, कोटणीस थांबले. वडील गेल्याची बातमी कळल्यावरही थांबले. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत दाखल झाले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी ३२ व्या वर्षी गेले. निघताना ते डॉक्टर म्हणून गेले होते, शिपाई म्हणून नाही. तिथे गेल्यावर, माणसं बघितल्यावर, सैन्यात शिरण्याचा निर्णय झाला. कित्येकांचं असंच होतं. निघण्याचं कारण एक आणि टिकून राहण्याचं दुसरंच.

बायका होत्या का?

दुसऱ्या युद्धात १९४२ पासून विमेन्स ऑक्झिलरी कोअर होती: कारकुनी, टेलिफोन, संदेशवहन अशी कामं. शहरी, शिकलेल्या घरांतल्या मुलींना घराबाहेर पडण्याची ती प्रतिष्ठित वाट होती. आझाद हिंद सेनेत झाशीची राणी रेजिमेंट होती, तिच्यात बहुतेक मलाया-सिंगापूरकडच्या तमिळ मुली.

आज रशियाच्या सैन्यात भारतीय पोरं कशी गेली?

यात 'निवड' हा शब्द जपून वापरावा लागतो. बहुतेकांना 'हेल्पर', सुरक्षारक्षक, स्वयंपाकी अशी कामं सांगून नेलं. एजंटने यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचा, लाखांतल्या पगाराचं आमिष, उतरल्यावर रशियन भाषेतल्या करारावर सही, पासपोर्ट काढून घेणं आणि थोडक्या प्रशिक्षणानंतर युक्रेनच्या आघाडीकडे रवानगी. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवून मुंबईसह अनेक शहरांत छापे घातले. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने १२६ प्रकरणं माहीत असल्याचं सांगितलं. त्यातले १२ मेले होते, १६ बेपत्ता होते.

जुन्या भरतीशी याचं नातं आहे ते एजंटच्या जागी. तेव्हा डोईमागे बक्षीस घेणारा पेन्शनर सुभेदार, आता कमिशन घेणारा एजंट. फरक एवढाच की सुभेदार गावातच राहायचा आणि पोरगा मेला तर त्याला त्या आईसमोरून जावं लागायचं.

'फॉरेनला सिक्युरिटीचं काम आहे' असं कुणी सांगत असेल तर करार स्वतःला वाचता येणाऱ्या भाषेत मागा. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. टुरिस्ट व्हिसावर नोकरीला नेतोय म्हटलं की तिथेच थांबा.

फ्रेंच फॉरेन लीजन किंवा अमेरिकेच्या सैन्यात भारतीय जाऊ शकतो का? लोक का जातात?

लीजन हे फ्रेंच सैन्यातलं परदेशी शिपायांचं दल. तिथे कुठल्याही देशाचा पुरुष अर्ज करू शकतो, पण स्वखर्चाने फ्रान्समध्ये हजर राहावं लागतं. परदेशात त्यांचं भरती कार्यालय नाही आणि एजंटही नाही. पहिला करार पाच वर्षांचा, तीन वर्षांनंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. अमेरिकेत ग्रीन कार्ड लागतं, आणि २००२ च्या अध्यक्षीय आदेशामुळे सेवेत असलेल्यांना नागरिकत्व लवकर मिळतं. दोन्हीकडे मुख्य ओढ पासपोर्टची. अकरा रुपयांच्या जागी पासपोर्ट आला, एवढं म्हणता येईल, कारण दोन्हींत विकत घ्यायची असते ती खात्रीच.

आमच्या पणजोबांची नोंद कुठे मिळेल? नाव सापडतच नाही.

न सापडण्याचं एक कारण ऐकून घ्या. इराकमधल्या बसरा स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे, पण साध्या हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे नुसता आकडा. गोऱ्या सैनिकांची नावं मात्र एकेक. युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ च्या अहवालात हा दुजाभाव मान्य केला. आपल्या गावांतल्या संगमरवरी शिळाही तशाच: या गावातून महायुद्धाला इतके गेले, इतके मेले. कोण, ते नाही.

तरी शोधता येतं. घरात पदक असेल तर आधी त्याची कड भिंगाने बघा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांवर कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पलटण कळली की निम्मं काम झालं. मृत सैनिक असेल तर कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा, स्पेलिंग बदलून बदलून, आणि रायगडसाठी 'कुलाबा' हा जुना जिल्हा टाका. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत बऱ्याचदा वडिलांचं किंवा पत्नीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. जिवंत परतलेल्यांसाठी डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, किंवा रेजिमेंटच्या केंद्राला लिहा: मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी सागर. कोकणातला खलाशी असेल आणि बोट बुडाली असेल तर मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधलं स्मारक बघा, तिथे नावं आहेत. आणि पत्रात नंबर लिहायला विसरू नका. 'शिंदे, सातारा' एवढ्यावर तिथला कारकून काहीच करू शकत नाही.